जांबुघोडा आणि रतनमहाल सहली : वेळ आणि वाट गावकरी का ठरवतात

आमच्या दांडिया बाजारातील कचेरीत सहलीची नोंदणी करायला येणारे बहुतेक ग्राहक पहिल्यांदा हेच विचारतात की, वडोदऱ्याहून पहाटे निघून उजाडता उजाडता जांबुघोडा किंवा रतनमहाल अभयारण्याच्या जंगलात शिरता येईल का. एरवी परवान्याच्या वेळा पाहून ते जमवता येते. मार्च-एप्रिलमध्ये मात्र आमच्याबरोबर चालणारे, तेथल्या राठवा या आदिवासी समाजातले वाटाडे त्याला नकार देतात आणि आम्ही तो नकार जसाच्या तसा आपल्यापर्यंत पोहोचवतो.

हे दिवस मोह फुलण्याचे असतात. फुले रात्री उशिरा गळू लागतात, पहाटेपर्यंत झाडाखाली फिकट पिवळा सडा पडतो, आणि ती उन्हाने सुकण्याआधी वेचायची म्हणून गावातल्या बायका टोपल्या घेऊन अंधारातच घराबाहेर पडतात. कोणत्या झाडाची फुले कोणत्या घराने वेचायची हे गावात ठरलेले असते. अस्वलाला असली वाटणी ठाऊक नसल्यामुळे तेही त्याच झाडाखाली येते. अस्वलाचे नाक तिखट, पण नजर अधू असते. वाऱ्याची दिशा उलटी असेल तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि मग ते घाबरून पळण्याऐवजी अंगावर येण्याचीच भीती जास्त असते. म्हणून गावकरी अशा वाटेने मुद्दाम मोठ्याने बोलत, खाकरत जातात. शहरी पाहुणा नेमका उलट वागतो, म्हणजे प्राणी दिसावा म्हणून पावलांचा आवाजही होऊ देत नाही. रतनमहाल अभयारण्य 1982 साली मुख्यतः अस्वलांसाठीच राखले गेले, तेव्हा ही सूचना तेथे विशेष लागू आहे.

वाटाड्याने वाट बदलली किंवा मध्येच परत फिरण्यास सांगितले, तर कृपया कारणासाठी अडून बसू नये. ताजे उकरलेले वारूळ, सालीवरचे नखांचे ओरखडे, वानरांचा बदललेला आवाज या खुणा त्याने आधी टिपलेल्या असतात. खुलासा तो मागाहून करतो, आणि चांगला करतो. खाण्याचे डबे गाडीतच ठेवावेत. शेवउसळीचा वास आपल्याला जितका प्रिय, तितकाच तो जंगलात दूरवर जातो.

औषधी वनस्पतींबद्दल पुष्कळ जण विचारतात. कोणते मूळ कशावर चालते हे ज्ञान त्या समाजाचे आहे, आणि 2006 च्या वन हक्क कायद्याने जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. वाटाडा आपण होऊन सांगेल तेवढे ऐकावे. त्याचे चित्रीकरण करू नये आणि पाने-मुळे उपटून आणू नयेत.

पिठोऱ्याच्या बाबतीत आम्ही अधिक कडक आहोत. राठवा घरातील भिंतीवरचे घोडे म्हणजे नवस फेडण्यासाठी बडव्याच्या, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याच्या, देखरेखीखाली लिहवून घेतलेला देव होय, आणि तेथे ‘चित्र काढले’ असे न म्हणता ‘पिठोरा लिहिला’ असे म्हणतात. घरधन्याला विचारल्याशिवाय आत जाऊ नये. त्या भिंतीला टेकून छायाचित्र काढून घेणे तर सर्वथा टाळावे.

वाटाड्याचे मानधन पावतीवर वेगळे दाखवलेले असते व त्यावर सवलत मिळत नाही. त्याने वाट अर्ध्यावर सोडून आपल्याला परत आणले, तरी ते पूर्णच द्यावे लागते.