फाटलेली प्लीहा न काढता : उपचारातील बदलाची पार्श्वभूमी

डाव्या बरगड्यांवर जोराचा मार बसला की प्लीहा, म्हणजेच पाणथरी, फाटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णाची प्लीहा काढून टाकणे हाच विसाव्या शतकात दीर्घकाळ सर्वमान्य उपचार होता. १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे स्विस शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी ती काढल्याने कोणताही अपाय होत नाही असे लिहून ठेवले होते, आणि त्यांच्या शब्दाला शंका घेणारे थोडेच होते.

या समजुतीला मोठा धक्का १९५२ मध्ये बसला. जन्मजात रक्तविकारामुळे प्लीहा काढलेल्या पाच अर्भकांची हकिकत किंग आणि शूमाकर या अमेरिकी शल्यविशारदांनी प्रसिद्ध केली. त्यांपैकी दोन गंभीर जंतुसंसर्गाने दगावली होती. न्यूमोकॉकससारख्या, भोवती कवच असलेल्या जिवाणूंना रक्तातून गाळून काढण्याचे काम प्रामुख्याने प्लीहा करते, हे पुढे स्पष्ट होत गेले.

मात्र अवयव वाचवायचा कसा, याचे उत्तर टोरांटोच्या बालरुग्णालयातून आले. पोट उघडेपर्यंत अनेक मुलांचा रक्तस्राव आपोआप थांबलेला असतो, असे तेथील शल्यविशारदांच्या ध्यानात आले होते. पुरुषोत्तम उपाध्याय आणि सिम्पसन यांनी १९६८ मध्ये हा अनुभव पद्धतशीरपणे मांडला. उपाध्याय पुढे दिल्लीच्या एम्समध्ये बालशल्यचिकित्सेचे अध्वर्यू ठरले. आपल्याकडे या कामाच्या संदर्भात त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, याची खंत वाटते. सीटी स्कॅन रुग्णालयांत रुळण्याआधी, केवळ नाडी, रक्तदाब आणि पोटाची वारंवार तपासणी यांच्या आधारे मुलाला शस्त्रक्रियेविना ठेवणे, हे मोठ्या धैर्याचे काम होते.

प्रौढांमध्ये ही पद्धत सावकाश रुजली. सीटी स्कॅनमुळे जखमेची खोली दिसू लागली आणि १९८९ मध्ये अमेरिकेत तिची पाच श्रेणींत विभागणी झाली. चौथ्या आणि पाचव्या, म्हणजे सर्वांत गंभीर, श्रेणीच्या जखमांत नुसती देखरेख अपुरी पडण्याचा धोका अधिक असतो. तेथे १९८१ मध्ये स्क्लाफानी या क्ष-किरणतज्ज्ञांनी मांडलेली, जांघेतून नळी सरकवून प्लीहेची रक्तवाहिनी आतून बंद करण्याची पद्धत उपयोगी पडली. तरीही निर्णय केवळ श्रेणीवर होत नाही. रक्त आणि द्रव देऊनही रक्तदाब टिकत नसेल, तर आजही विलंब न लावता शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून रात्रंदिवस सज्ज शस्त्रक्रियागृह आणि रक्तपेढी नसलेल्या ठिकाणी गंभीर जखमेचा रुग्ण नुसत्या देखरेखीखाली ठेवता येत नाही.