घरची उपासना : महासाथीतील ल्यूथरन मंडळी

करोना महासाथीच्या काळात, मुख्यतः मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२१ या दरम्यान, मार्टिन ल्यूथर यांच्या परंपरेतील ल्यूथरन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या, येथे मुख्यतः विदर्भ व त्याच्या शेजारच्या भागातील, मंडळीने चर्चमध्ये न जमता आपापल्या घरी चालविलेली रविवारची व सणावारांची उपासना. ‘मंडळी’ हा मराठी ख्रिस्ती समाजातला रुळलेला शब्द असून त्याचा अर्थ इमारत असा नाही; एका पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, देखरेखीखाली उपासनेस एकत्र येणारी माणसे म्हणजे मंडळी. चर्चच्या दाराला कुलूप लागले तेव्हा बंद झाले ते दार, मंडळी नव्हे, असे म्हणणे म्हणूनच सोपे होते. माणसे एकत्र न येता मंडळी कशी राहते, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नव्हता, आणि या नोंदीचा विषय मुख्यतः तोच आहे.

विदर्भात ल्यूथरन घरे थोडी आहेत. नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे आणि यवतमाळकडे फ्री मेथडिस्टांचे काम वाढले. ल्यूथरन परंपरा या भागाच्या शेजारी आली ती उत्तरेकडून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडिश मिशनने सागर, छिंदवाडा, बैतूल या भागांत काम उभे केले आणि त्यातून घडलेल्या मध्य प्रदेशातील इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चचे मुख्य ठाणे छिंदवाडा येथे आहे. १९५६ पर्यंत विदर्भ आणि छिंदवाडा एकाच प्रांतात होते, आणि सौसर-पांढुर्णा पट्ट्यात आजही घरोघरी मराठी बोलली जाते. त्यामुळे राज्याची सीमा येथे भाषेची किंवा सोयरिकीची सीमा ठरत नाही. अशा विखुरलेल्या घरांची मंडळी गावात दोन, शेजारच्या गावात तीन अशी असते. एकच पाळक मोटारसायकलवरून चार-पाच गावे सांभाळतो आणि तो नसेल त्या रविवारी मंडळीतला एखादा वडील (ज्येष्ठ सेवक) किंवा प्रचारक कोणाच्या तरी ओसरीवर उपासना घेतो. शहरातल्या मंडळीला महासाथीत जे नव्याने शिकावे लागले त्यातले निम्मे या गावांना आधीच येत होते, हे सहसा कोणी नोंदवीत नाही.

ल्यूथरन विचारात घराचे स्थान जुने आहे. मार्टिन ल्यूथर यांनी १५२६ मध्ये जर्मन भाषेतील उपासनाविधीच्या प्रस्तावनेत उपासनेचे तीन प्रकार सांगितले, त्यांतला तिसरा मनापासून ख्रिस्ती असलेल्यांनी एखाद्या घरी जमून प्रार्थना, वाचन व संस्कार (म्हणजे बाप्तिस्मा आणि भाकर व द्राक्षरस घेण्याचे प्रभुभोजन) करण्याचा होता. पण त्यासाठी लागणारी माणसे आपल्याजवळ अजून नाहीत, असेही त्यांनी तेथेच लिहून टाकले. पुढच्याच वर्षी विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ येना येथे हलविण्यात आले, ल्यूथर यांनाही निघून जाण्यास सांगण्यात आले, परंतु ते योहान्नेस बूगेनहागेन यांच्यासह शहरात राहिले आणि त्यांच्या घराचे रुग्णालय झाले. ब्रेस्लाऊचे पाळक योहान हेस यांना उत्तरादाखल लिहिलेल्या त्यांच्या खुल्या पत्रात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत : पाळकाने आणि ज्याच्यावर इतरांचा भार आहे त्याने पळून जाऊ नये, आणि त्याचबरोबर औषध घ्यावे, घराला धुरी द्यावी, जेथे आपली गरज नाही तेथे जाऊन कोणाला रोग लावू नये. २०२० च्या वसंतात जगभरच्या ल्यूथरन मंडळ्यांनी हे पत्र पुन्हा वाचले ते या दुसऱ्या भागासाठी. ल्यूथर यांच्या १५२९ च्या ‘लहान प्रश्नोत्तरी’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेतील दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना इत्यादी प्रकरणे घरधन्याने आपल्या माणसांना सोप्या रीतीने शिकवावीत अशाच हेतूने मांडलेली आहेत, आणि सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनाही त्यातच आहेत.

महाराष्ट्रात या काळाची सुरुवात २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूने झाली. तो रविवारच होता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि झावळ्यांचा रविवार (५ एप्रिल), उत्तम शुक्रवार (१० एप्रिल) व ईस्टर (१२ एप्रिल) हे तिन्ही दिवस घरात गेले. ईस्टरनंतर दोनच दिवसांनी विदर्भातल्या वस्त्यांनी आंबेडकर जयंती उंबऱ्याच्या आतच साजरी केली आणि पुढे आषाढीच्या पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. तेव्हा ही बंदी आपल्यावरच आली, अशी भावना गावातल्या ख्रिस्ती घरांत फारशी टिकण्याचे कारण नव्हते. प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी दिवाळीच्या पाडव्याला उघडली. परंतु दुसरी लाट विदर्भात लवकर आली. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस अमरावतीत पुन्हा टाळेबंदी झाली, म्हणजे भस्म बुधवार (१७ फेब्रुवारी) पार पडतो न पडतो तोच त्या दिवशी सुरू होणारा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ पुन्हा घरात आला. एप्रिलमध्ये राज्यभर प्रार्थनास्थळे बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, उघडली.

प्रत्यक्ष उपासना कशी होई, हे एका घरावरून समजते. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, पाटावर धुतलेला रुमाल आणि त्यावर पवित्र शास्त्र. घरात स्मार्टफोन एकच, तोही मुलाचा. आवाज सर्वांना ऐकू जावा म्हणून तो रिकाम्या गंजात उभा करून ठेवतात आणि पितळी गंजातून पाळकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. नेटवर्क मिळते ते आवाराच्या एका कोपऱ्यात, म्हणून पाळकाने शनिवारी रात्रीच ध्वनिमुद्रण पाठविलेले असते आणि मुलगा पहाटे कोपऱ्यात जाऊन ते उतरवून घेतो. प्रश्नोत्तरीत घरधन्यावर सोपविलेले काम येथे ज्याला वाचता येते आणि फोन चालविता येतो त्याच्याकडे जाते. ते बहुधा दहावीतली मुलगी किंवा सून असते. आजी शुभवर्तमानाच्या वेळी उभी राहते, फोनसमोरही. घरधन्याचे काम मुलीकडे-सुनेकडे जाण्याचा हा बदल कोणत्याही ठरावाने झाला नाही, आणि माझ्या मते या काळातली सर्वांत टिकाऊ गोष्ट हीच आहे.

विधीचा क्रम चर्चमधलाच राही : आवाहन, पापांगीकार, क्षमेची घोषणा, शास्त्रपाठ, विश्वासांगीकार, उपदेश, विनंती प्रार्थना, प्रभूची प्रार्थना आणि पवित्र शास्त्रातील गणना ६:२४–२६ मधील आशीर्वाद. यातील दोन ठिकाणी अडचण येई. पहिली गाण्याची. फोनवर एकत्र जोडलेल्या घरांचे आवाज मागेपुढे पडतात, त्यामुळे ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातील गीत सर्वांनी मिळून म्हणणे अशक्य होते, एका घरातून गीत येई आणि बाकीचे आपापला फोन मुका करून त्यामागे म्हणत. नारायण वामन टिळक यांच्या अभंगांसारख्या पदांना पेटीशिवाय नुसत्या टाळांवरही चालते, हे गावांच्या पथ्यावर पडले. दुसरी अडचण क्षमेच्या घोषणेची. ल्यूथरन समजुतीप्रमाणे ही घोषणा म्हणजे ऐकणाऱ्याला उद्देशून बोललेले देवाचे वचन. ते शनिवारी ध्वनिमुद्रित करून रविवारी ऐकले तर ते कोणाला उद्देशून झाले, असा प्रश्न विचारला गेला. वचन वचनच राहते, मग ते पत्रातून येवो की यंत्रातून, असे उत्तर बहुतेक पाळकांनी दिले.

खरा पेच प्रभुभोजनाचा होता. ल्यूथरन पंथाचा मूळ विश्वासलेख असलेल्या ‘ऑग्जबर्ग विश्वासपत्रा’च्या (१५३०) सातव्या कलमानुसार मंडळी म्हणजे शुभवर्तमान शुद्धपणे शिकविले जाते व संस्कार योग्य रीतीने दिले जातात अशी संतांची, म्हणजे विश्वासणाऱ्यांची, सभा, आणि चौदाव्या कलमानुसार रीतसर पाचारण नसलेल्याने संस्कार देऊ नयेत. पाळक पडद्यावर, भाकर व द्राक्षरस घरातल्या ताटात, अशा स्थितीत सभा कोठे आहे आणि देणारा कोण? बाप्तिस्म्याच्या बाबतीत ल्यूथरन परंपरेने मार्ग मोकळा ठेवलेला आहे : जीव धोक्यात असेल तर कोणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. प्रभुभोजनाला तशी आणीबाणी मानलेली नाही, कारण ते न मिळाल्याने कोणी तारणाला मुकत नाही. म्हणूनच मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चने पडद्यावरून प्रभुभोजन न घेता काही काळ त्याचा उपवास करण्याचा सल्ला दिला, आणि अन्य बाबतींत तिच्याशी न पटणाऱ्या मिसूरी सिनॉड या अमेरिकेतल्याच दुसऱ्या ल्यूथरन संस्थेनेही येथे तीच दिशा घेतली. उलट मत मांडणाऱ्या मंडळ्याही होत्या. जो देव भिंतीपलीकडून ऐकतो तो भिंतीपलीकडे देऊही शकतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. खेड्यात हा वाद पोथीतला राहत नाही, कारण पाळक तसाही महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच प्रभुभोजन देतो आणि वाट पाहण्याची सवय अंगवळणी पडलेली असते. तरीही आजाऱ्याची व्याकुळता वेगळी असते. बिछान्याला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला उपवास कधी सुटणार, याचे उत्तर शास्त्रार्थाने देता येत नाही.

दफनाचे काम उपासनेपेक्षा कठीण गेले. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी असल्याने परगावच्या सोयऱ्यांना मातीला येता येत नसे, आणि पाळक वेळेवर पोचला नाही तर फोन कबरीच्या काठावर धरून विधी वाचला जाई. अर्पणाचे पैसे घरातल्या डब्यात साठत राहिले. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये आणलेल्या भाजी-धान्याचा लिलाव होतो, तो मात्र घरी कसा करायचा हे कोणालाच सुचले नाही.

चर्च पुन्हा उघडल्यावर घरची उपासना बंद झाली असे नाही. एकाच प्याल्यातून पिण्याऐवजी लहान पेल्या वापराव्या का, याची चर्चा सुरू झाली. शनिवारचे ध्वनिमुद्रण काही पाळक अजूनही पाठवितात; ते परगावी कामाला गेलेली मुले ऐकतात, आणि जिला चर्चपर्यंत चालवत नाही ती आजीही ऐकते, गंज जवळ ओढून.