करंट लूप (विद्युत मोटरमधील प्रवाह-नियंत्रण)

मोटरच्या वेटोळ्यांतला प्रवाह मोजायचा, हव्या असलेल्या प्रवाहाशी ताडून पाहायचा आणि फरकाप्रमाणे इन्व्हर्टरचे (बॅटरीची वीज मोटरला लागणाऱ्या रूपात देणाऱ्या भागाचे) व्होल्टेज बदलायचे, हे सेकंदाला हजारो वेळा करणारी यंत्रणा म्हणजे प्रवाह-नियंत्रण. पुण्यात मोटर-कंट्रोलरवर काम करणारे तिला ‘करंट लूप’च म्हणतात. वेग आणि टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) नियंत्रणे तिच्यावर उभी असतात, त्यामुळे ही कच्ची राहिली तर वर कितीही हुशारी केली तरी वाया जाते.

तीन फेजमधले (वेटोळ्यांच्या तीन संचांतले) प्रवाह सतत वरखाली होत असतात. आर. एच. पार्क यांनी 1929 मध्ये मांडलेल्या रूपांतराने ते रोटरबरोबर (मोटरच्या फिरत्या भागाबरोबर) फिरणाऱ्या दोन अक्षांवर नेले, की स्थिर आकडे हाती येतात. डी-अक्षावरचा प्रवाह चुंबकक्षेत्र सांभाळतो, क्यू-अक्षावरचा मुख्यतः टॉर्क देतो. प्रत्येक अक्षाला एक पीआय कंट्रोलर, म्हणजे आत्ताचा फरक आणि साठत गेलेला फरक या दोन्हींवरून दुरुस्ती करणारा नियंत्रक, पुरतो.

गेन, म्हणजे फरकाला किती जोराने उत्तर द्यायचे ते आकडे, काढणे सोपे आहे. बँडविड्थ (लूप किती वेगवान बदलांना साथ देतो ते माप) रेडियन प्रति सेकंदात घेऊन इंडक्टन्सने (प्रवाहातल्या बदलाला वेटोळे किती विरोध करते त्या मापाने) गुणली की प्रपोर्शनल गेन मिळतो, रोधाने गुणली की इंटिग्रल गेन. स्कूटरच्या मोटरचा इंडक्टन्स 200 मायक्रोहेन्री, रोध 20 मिलिओहम आणि बँडविड्थ 500 हर्ट्झ धरली, तर हे गेन अनुक्रमे सुमारे 0.63 आणि 63 येतात.

मग बँडविड्थ आणखी का वाढवू नये? आड येतो तो उशीर. इन्व्हर्टरचे स्विचिंग (चालू-बंद होणे) 10 किलोहर्ट्झचे असेल, तर एक आवर्तन 100 मायक्रोसेकंदांचे. हिशोबात एक आवर्तन जाते, पीडब्ल्यूएममध्ये (या चालू-बंदमधून हवे ते व्होल्टेज घडवण्यात) सरासरी अर्धे, म्हणजे एकूण 150 मायक्रोसेकंद. एवढा उशीर 500 हर्ट्झला 27 अंश खातो आणि फेज मार्जिन (लूप डळमळण्याआधीची राखीव जागा) 63 अंश उरते. 1000 हर्ट्झला तो 54 अंश खातो, उरतात 36.

टेबलावर शहाण्यासारखा वागणारा लूप रस्त्यावर बिघडतो, त्याचे मूळ बहुधा इथेच असते. दोघांना बसवून जुना कात्रज घाट चढताना प्रवाह वाढतो, लोखंड संपृक्त होते (आणखी चुंबकत्व फारसे घेईनासे होते) आणि इंडक्टन्स घसरतो. तो निम्म्यावर आला तर गेन तेच असूनही बँडविड्थ आपोआप दुप्पट होते आणि 63 अंशांचे मार्जिन 36 वर येते. मोटर किरकिरू लागते, प्रवाह ठरल्यापेक्षा वर उसळतो. माहितीपत्रकात इंडक्टन्सचा एकच आकडा छापलेला असतो. त्यावर विसंबणे म्हणजे घाटातल्या गाडीला सपाटीवरचा हिशोब लावणे.

म्हणून इंडक्टन्स स्वतः मोजावा. रोटर घट्ट जखडून अक्षावर 20 व्होल्टचा 100 मायक्रोसेकंदांचा ठोका द्यायचा. ऑसिलोस्कोपवर प्रवाह 10 अँपिअरने चढला तर इंडक्टन्स 200 मायक्रोहेन्री. आधीच मोठा प्रवाह चालू ठेवून तोच ठोका दिल्यावर चढ 20 अँपिअर आला, तर 100. असे वेगवेगळ्या प्रवाहांचे आकडे तक्त्यात भरून त्याप्रमाणे गेन बदलत ठेवतात. क्यू-अक्षावर मोजताना मात्र शाफ्ट खरोखरच पक्का आवळलेला हवा. तिथे टॉर्क येतो आणि ढिला क्लॅम्प झटक्यात फिरतो.

दोन्ही अक्षांमधली ओढाताण वेगाबरोबर वाढते, ती फीडफॉरवर्डने (फरक दिसण्याआधीच दिलेल्या दुरुस्तीने) भरून काढतात. वरच्या वेगाला बॅक-ईएमएफ (फिरत्या मोटरमध्ये निर्माण होणारे उलटे व्होल्टेज) बॅटरीच्या व्होल्टेजला भिडते आणि प्रवाह ढकलायला जागाच उरत नाही. तेव्हा इंटिग्रेटरला (कंट्रोलरमधल्या फरक साठवत जाणाऱ्या भागाला) लगाम नसेल, तर थ्रॉटल सोडल्यावर गाडी उगाच हिसका देते.

पुण्याला हा विषय परका नाही. बजाजची चेतक 2020 मध्ये विजेवर परतली, तेव्हा विक्रीची सुरुवात पुणे आणि बंगळुरूपासून झाली. 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहनचाचणी संस्था वेताळ टेकडीवर आहे. तिथल्या शक्तिचाचणीत मोटर अर्धा तास किती शक्ती टिकवते हे कळते. लूपची चपळाई मात्र गतिरोधकावर चाक आदळून वेग अचानक बदलतो तेव्हा दिसते.

मे महिन्यातल्या उन्हाचा धसका नवखे जास्त घेतात. तांबे 20 वरून 120 अंश सेल्सिअसला गेले की रोध सुमारे 39 टक्क्यांनी वाढतो खरा, पण बँडविड्थ मुख्यतः इंडक्टन्सवर ठरते आणि रोधातला फरक इंटिग्रेटर सांभाळून घेतो.