रुपेरी पानांची रोपं: ऊन भरपूर, पाणी बेताचं

डस्टी मिलर, लॅम्ब्ज इअर, आर्टेमिसिया, सँटोलिना, ल्युकोफायलम. नावं निराळी, सगळ्यांचं कुळही एक नाही, पण ही रोपं दगावतात बहुधा एकाच कारणाने: बुंध्याशी ओल साचून. मूळ धरलेलं रुपेरी झाड तहानेने मेलं, असं क्वचितच घडतं. म्हणून या पत्रकात जागा आणि माती यांवर जास्त लिहिलं आहे आणि खतावर अगदी थोडं.

पान रुपेरी का दिसतं

लॅम्ब्ज इअरचं एक पान घ्या आणि त्याच्या टोकाला ओलं बोट चोळा. भिजलेला भाग लगेच हिरवट दिसू लागेल. पान मुळात हिरवंच असतं. त्यावर पांढरी लव दाट उगवलेली असते, लवेत हवा अडकते आणि त्यावरून उजेड परत फिरतो, म्हणून ते आपल्याला चांदीसारखं दिसतं. वाळलं की रंग परत येतो.

या लवेमुळे कडक ऊन पानात कमी शिरतं आणि वारा पानाला थेट लागत नाही, त्यामुळे पाणी कमी उडतं. डस्टी मिलर आणि सँटोलिना भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ जागांतली, लॅम्ब्ज इअर तुर्कस्तान ते इराण या डोंगराळ पट्ट्यातलं, ल्युकोफायलम टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या रखरखीत भागातलं. तिथे ही लव रोपाला वाचवते. दमट, कोंदट जागी मात्र तीच अंगावर उलटते: लवेत अडकलेलं पाणी लवकर वाळत नाही आणि खालची पानं कुजायला लागतात.

काही रोपांना लव नसते, मेणाचा थर असतो. फेस्टुका ग्लॉका हे निळसर गवत, इचेव्हेरिया, निळ्या काड्यांचा सेनेसिओ ही त्यातली. इचेव्हेरियाच्या पानाला हात लागला तर बोटाचा ठसा उमटतो आणि जुन्या पानावरचा ठसा सहसा भरून येत नाही. अशी रोपं उचलताना कुंडीच्या काठाला धरा.

पायलिया किंवा रेक्स बिगोनिया यांच्या पानांवरही चंदेरी नक्षी असते, पण ती सावलीतली रोपं आहेत. पुढची कोणतीही सूचना त्यांना लावू नका.

जागा

रोज किमान ६ तास थेट ऊन हवं. त्याहून कमी उन्हात रोप जगतं, पण फांद्या लांबतात, पानं विरळ येतात आणि रंग राखाडी-हिरवा होतो. सावलीत वाढलेलं हिरवट पान नंतर उन्हात ठेवलं तरी फारसं रुपेरी होत नाही, कारण लव किती दाट यायची ते पान कोवळं असतानाच ठरतं. नवी फूट येईपर्यंत वाट बघावी लागते. शेडनेटखालून आणलेलं रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नका. ७ ते १० दिवस आधी सकाळचं ऊन, मग हळूहळू पूर्ण ऊन असं सरावू द्या.

छपराची पागोळी जिथे पडते ती जागा टाळा. हिरवळीला तुषार-सिंचन असेल तर त्याच्या फवाऱ्याच्या टप्प्यातली जागाही नको. रोज पाणी लागणाऱ्या फुलझाडांच्या वाफ्यात कडेला रुपेरी रोप लावायचा मोह होतो. रंग सुरेख उठून दिसतात, पण दोघांच्या पाण्याचं गणित कधीच जुळत नाही. रंगसंगती साधायची असेल तर त्याच कोरड्या वाफ्यातला सोबती निवडा: जांभळ्या पानांचा सेज किंवा निळ्या फुलांची लॅव्हेंडर.

आधी निचरा तपासा

३० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि आता पट्टी उभी धरून एका तासात पातळी किती उतरते ते मोजा. पहिल्या भरण्यावर विश्वास ठेवू नका. कोरडी माती पाणी भराभर पिते आणि निचरा चांगला असल्याचा भास होतो.

तासाला ५ सेंमी किंवा जास्त उतार असेल तर थेट जमिनीत लावा. २.५ ते ५ सेंमी असेल तर माती सुधारून, थोडा उंचवटा करून लावा. २.५ सेंमीहून कमी असेल तर खड्डा बुजवा आणि २५ ते ३० सेंमी उंच गादीवाफा करा. चिकणमातीत नुसता खड्डा खणून त्यात चांगली माती भरली, तर तो खड्डा हौद होतो. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट नसते.

चिकणमातीत थोडी बारीक वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि वाळल्यावर ढेकूळ विटेसारखं कडक होतं. फरक पडायला खडीचं प्रमाण आकारमानाने निम्म्याच्या आसपास लागतं, त्यापेक्षा गादीवाफा स्वस्तात पडतो. वाफ्यासाठी २ भाग बागेची माती, १ भाग ३ ते ६ मिमी जाडीची खडी आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट घ्या. खडी आधी धुवा, नाहीतर तिच्यातली भुकटी पोकळ्या बुजवते. समुद्राची वाळू क्षारांमुळे नको. मातीचा सामू (pH) ६.५ ते ७.५ च्या दरम्यान असला की यांतल्या बहुतेक रोपांना मानवतो.

लावताना

१. लावण्याआधी तासभर पिशवीतल्या रोपाला पाणी द्या.
२. पिशवी कापून काढा. मुळं गोल फिरलेली असतील तर बोटांनी सैल करा. फारच घट्ट जाळं असेल तर बाजूने तीन-चार ठिकाणी उभा चिरा द्या.
३. खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल, पण दुप्पट रुंद घ्या.
४. गड्ड्याचा वरचा पृष्ठभाग आसपासच्या मातीपेक्षा १ ते २ सेंमी वर राहील असं बसवा. माती नंतर खाली बसते.
५. बुंध्याभोवती आळं करू नका. सवयीने हात तिकडे जातोच, पण या रोपांना उलटं हवं: बुंधा उंचवट्यावर आणि उतार बाहेरच्या बाजूला.
६. वर ३ सेंमी जाडीचा खडीचा थर पसरा, बुंध्याला भिडवूनच. पालापाचोळा, भुसा किंवा कोकोपीट पसरू नका. ते ओल धरतात आणि ती नेमकी खालच्या पानांना लागते. खडी वरून लगेच वाळते आणि पावसात माती उडून पानांवर बसत नाही.

अंतर: डस्टी मिलर २५ ते ३० सेंमी, लॅम्ब्ज इअर ३० ते ४०, सँटोलिना ४५ ते ६०, ‘पॉविस कॅसल’ आर्टेमिसिया ७५ ते ९०, ल्युकोफायलम १ ते १.५ मीटर. सुरुवातीला वाफा उघडाबोडका दिसेल. मोकळ्या जागेत अजून रोपं कोंबू नका, कारण मधून वारा खेळणं हेच यांचं औषध आहे.

कुंडीत लावायचं असेल तर

भाजलेल्या मातीची, बिनरंगवलेली कुंडी सगळ्यात चांगली, कारण ती बाजूनेही वाळते. मिश्रण: २ भाग कुंडीची तयार माती, १ भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), १ भाग धुतलेली खडी. मुळांच्या गड्ड्याहून कुंडी ३ ते ५ सेंमीच रुंद घ्या. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं तिथवर पोचलेलीच नसतात.

कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा थर घालू नका. बारीक मातीतलं पाणी जाड थरात सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब होईपर्यंत ते सीमेवरच अडकून राहतं, म्हणजे ओला पट्टा उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. माती बाहेर जाऊ नये एवढ्यासाठी भोकावर जाळीचा तुकडा पुरतो. कुंडीखाली तीन चपटे दगड ठेवा. बशी वापरत असाल तर पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करा.

पाणी आणि खत

पहिले ६ ते ८ आठवडे नियमित पाणी लागतं, मूळ धरेपर्यंत हे रोपही नाजूकच असतं. पण रोज थोडं-थोडं शिंपडू नका. एकदा सावकाश भरपूर द्या, मग वरची ५ सेंमी माती कोरडी झाल्यावरच पुन्हा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघा. कुंडी असेल तर उचलून बघा. पाणी दिल्यानंतरचं वजन आणि कोरड्या कुंडीचं वजन यांतला फरक हाताला दोन-तीन वेळांत कळतो. पाणी सकाळी, बुंध्याजवळ आणि पानं न भिजवता द्या.

मूळ धरल्यावर ल्युकोफायलम आणि सँटोलिना जमिनीत असतील तर एरवी विसरलात तरी चालेल, फक्त लांबलेल्या कोरड्या काळात पाणी द्या. लोंबणारा ‘सिल्व्हर फॉल्स’ डायकॉन्ड्रा टांगत्या कुंडीत असेल तर मात्र इतका कोरडा ठेवू नका. माती थोडी, वारा चहूबाजूंनी, त्यामुळे एका तापलेल्या दुपारीत तो मलूल होतो.

खत म्हणाल तर वाढीच्या काळात वर्षातून एकदा मूठभर कंपोस्ट. नत्र जास्त झालं की रोप भराभर वाढतं, कोवळं होतं, पानं हिरवट येतात, मावा पडतो आणि झुडूप मधून फाकतं. ताजं शेणखत अजिबात नको.

छाटणी

डस्टी मिलरला पिवळ्या कळ्या येऊ लागल्या की दांड्यासकट खुडा. फुलल्यावर रोप उंच, बोडकं होतं. लॅम्ब्ज इअरचे फुलांचे दांडे दिसताक्षणी बुडाशी कापा. ही कटकट नको असेल तर ‘सिल्व्हर कार्पेट’ हा वाण घ्या, तो फारसा फुलत नाही. मोठ्या पानांचा ‘बिग इअर्स’ दमटपणा त्यातल्या त्यात बरा सोसतो.

सँटोलिना आणि लॅव्हेंडर यांची छाटणी दरवर्षी आणि हलकी करा. हिरव्या-रुपेरी भागाचा एक तृतीयांश कापा, पण खाली थोडी पानं राहू द्या. जुन्या, तपकिरी, बिनपानांच्या लाकडापर्यंत कापलेली फांदी बहुतेकदा पुन्हा फुटत नाही. तीन-चार वर्षं छाटणी चुकली आणि झुडूप मधून उघडं पडलं, तर ते वाचवण्यापेक्षा त्याचं कलम करून नवं लावणं बरं. ‘पॉविस कॅसल’ नवी फूट दिसू लागल्यावर छाटा, थंडीच्या तोंडावर नको. ल्युकोफायलमला कात्री चालवून गोल चेंडू करतात, तो प्रकार आम्हाला पटत नाही. पावसानंतर किंवा हवेतली आर्द्रता वाढल्यावर त्यावर एकदम जांभळट फुलं येतात, आणि सततच्या कातरणीत त्या कळ्याच जातात.

आर्टेमिसियाचे काही प्रकार, उदाहरणार्थ ‘सिल्व्हर किंग’, जमिनीखालून धुमारे सोडत पसरतात. असे प्रकार बूड नसलेल्या डब्यात किंवा वेगळ्या कोपऱ्यात लावा. दवणा याच गणातला, पण तो असा पसरत नाही.

बिघडलं तर काय बघायचं

माती ओली असूनही रोप मलूल. इथे हात आपोआप झारीकडे जातो आणि रोप संपतं. मुळं कुजली असली की पाणी वर चढत नाही, म्हणून ओल्या मातीतही रोप तहानलेलं दिसतं. रोप काढून एक मूळ चिमटीत धरून ओढा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेल्याची तपकिरी साल निसटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. निम्मी मुळं चांगली असतील तर कुजलेली कापा, पानंही तितकीच कमी करा आणि कोरडसर मिश्रणात लावा. त्याहून कमी असतील तर शेंड्याची कलमं घ्या आणि रोप टाका.

लॅम्ब्ज इअर मधून काळं पडणं. वरची पानं हाताने उचलून आत बघा. जुनी पानं भिजलेल्या टीपकागदासारखी मातीला चिकटलेली दिसतील. कोरड्या दिवशी ती सगळी काढून टाका, खडी पुन्हा पसरा आणि गादी दाट झाली असेल तर थोडी रोपं उपटून विरळ करा. सलग पावसाचा काळ असेल तिथे हे काम पावसाआधीच करा.

पांढरं काही दिसलं, पण लव की रोग? रुपेरी पानावर भुरी आणि पिठ्या ढेकूण दोन्ही लपतात. अंगठ्याने हलकं चोळा: भुरी पिठासारखी निघते, लव जागेवर राहते. पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत कापसाच्या पुंजक्यासारखा बसतो. खाली चिकट थेंब किंवा मुंग्यांची रांग दिसली तर तिथून वर शोधत जा. थोडे असतील तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापूसकाडीने टिपा. मेणाच्या थराच्या रोपांवर हा बोळा पान पुसत फिरवू नका आणि तेलकट फवारणीही करू नका, कारण दोन्हींनी निळसर थर निघून जातो.

कलमं

फुलं नसलेला, किंचित जून झालेला ७ ते १० सेंमीचा शेंडा घ्या. खालच्या निम्म्या भागातली पानं काढा आणि निम्मं परलाइट, निम्मं कोकोपीट यांत खोचा. सावलीत पण भरपूर उजेडात ठेवा. वर प्लास्टिकची पिशवी बांधू नका, लवेवर दव साचून दोन-चार दिवसांत बुरशी येते. साधारण ३ ते ५ आठवड्यांत मुळं फुटतात. हलकेच ओढल्यावर कलम अडलं की समजायचं. लॅम्ब्ज इअरला कलमाची गरज नाही, दर दोन-तीन वर्षांनी मुळांसकट तुकडे करून लावा. डस्टी मिलरचं बी मातीवर नुसतं दाबा, झाकू नका. त्याला रुजायला उजेड लागतो, आणि २० अंश सेल्सिअसच्या आसपास ते १० ते १५ दिवसांत उगवतं.

घरात रांगतं मूल किंवा पानं चघळणारं जनावर असेल तर डस्टी मिलर त्यांच्या पोचेबाहेर लावा. त्यातली अल्कलॉइडं पोटात गेल्यास यकृताला घातक असतात. सँटोलिना आणि आर्टेमिसिया छाटताना काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला.