जुन्या-नव्या मल्लांची तुलना

वेगवेगळ्या काळात लढलेल्या, एकमेकांसमोर कधीच न आलेल्या विजेत्यांपैकी थोर कोण, हे ठरवण्याचा खटाटोप. मुष्टियुद्ध आणि कुस्ती या खेळांत तो सर्वाधिक चालतो. धावपटूंच्या बाबतीत घड्याळ साक्षीला असते. इथे माणूस माणसाला भिडतो आणि त्याचे माप दुसऱ्या माणसावरच निघते. सांगली-सातारा पट्ट्यात या वादाला तालमीचा कट्टा पुरतो आणि यात्रा जवळ आली की तो चहाच्या गाड्यावरही येतो.

कुस्तीच्या बोलीत तुलनेसाठी नेमका शब्द आहे: जोड. गावच्या मैदानात दुपारी आधी पोरांच्या कुस्त्या होतात. फेटा बांधलेला पंच दोन पोरांना दंडाला धरून शेजारी उभे करतो, खांद्याला खांदा लावतो, मान आणि मनगट बघतो. एखाद्याचा कान मोडलेला दिसला की समजतो, हे पोरगं रोज मातीत आहे. ‘ह्यो जड हाय, दुसरा आण,’ म्हणून एकाला परत पाठवतो. हलगी वाजत असते, बाहेर दोन्ही गावांचे लोक पंचाशी हुज्जत घालत असतात. जोड लावायची तर दोघेही समोर उभे लागतात. काळापलीकडच्या तुलनेत नेमके तेवढेच जमत नाही.

या भागातला नेहमीचा वाद खाशाबा जाधव आणि मारुती माने यांचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ९७ किलो गटात फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. १९६४ साली ते हिंदकेसरी झाले. दोघांच्या वजनात चाळीस किलोंचे अंतर. पंचाने ही जोड हसून मोडली असती. तरी वाद थांबत नाही, कारण तो कोण कोणाला पाडेल याचा नसून मोठे कोण याचा आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि निम्मी भांडणे ते एकत्र केल्यामुळेच होतात.

मोठेपण मोजायचे तर वाटेत काय होते तेही पाहावे लागते. खाशाबांची तयारी लाल मातीची, ऑलिंपिक मॅटवर. हेलसिंकीला जायचे पैसे लोकवर्गणीतून उभे राहिले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण टाकले. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लांबलेली लढत हरल्यावर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोवशी लढावे लागले, असे सांगितले जाते. त्या गटात इशीला सुवर्ण आणि मामेदबेकोवला रौप्य मिळाले. आकड्यांत खाशाबा तिसरे. पण केवळ आकड्यावर निकाल देणारा वस्ताद या भागात टिकणार नाही.

नियम बदलले की पैलवानही बदलतो. निकाली कुस्तीत पाठ टेकेपर्यंत वेळेचे बंधन नाही. तिथे दमसास आणि संयम लागतो, तासभर खडाखडी, म्हणजे हात-मान धरून एकमेकांची चाचपणी, करून मग घिस्सा डाव मारणारा मल्ल त्यातूनच घडतो. आजची मॅटवरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. साताऱ्यात २०२२ साली झालेल्या महाराष्ट्र केसरीत पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला ५-४ अशा गुणांनी हरवले. जुना शौकीन गुणांच्या विजयाला अर्धाच विजय धरतो, पण सहा मिनिटांत एक गुण राखून ठेवणे हेही कसबच आहे.

१९६१ साली सुरू झालेला महाराष्ट्र केसरी हा किताब पिढ्या मोजायला सोयीचा. नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांनी तो सलग तीन-तीनदा पटकावला, सांगली जिल्ह्याच्या चंद्रहार पाटीलने २००७ आणि २००८ असा दोनदा. तीन म्हणजे दोनपेक्षा मोठे, हा हिशेब शाळेतला. त्या वर्षी समोर कोण होते, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. नरसिंग तर आंतरराष्ट्रीय मॅटवर ७४ किलोत खेळणारा. तिथला मल्ल इथे जड पैलवानांना भारी पडला, हे किताबांच्या संख्येपेक्षा बोलके आहे.

मुष्टियुद्धात हाच घोळ जगभर चालतो. जो लुईने १९३७ ते १९४९ हेवीवेट किताब राखला आणि पंचवीस वेळा त्याचे रक्षण केले. रॉकी मार्सियानो ४९ लढती जिंकून, एकही न हरता निवृत्त झाला. शुगर रे रॉबिन्सनसाठी तर वजन बाजूला ठेवून कौशल्याची तुलना करण्याचा प्रघात रूढ झाला. पूर्वी किताबाची लढत पंधरा फेऱ्यांची असे, १९८० च्या दशकात ती बारांवर आली. शेवटच्या तीन फेऱ्यांत सामना फिरवणाऱ्याचे मोल आता कशावर लावायचे?

संगणकाकडून निकाल काढण्याचाही प्रयोग झाला. १९६७ च्या रेडिओ मालिकेत संगणकाने मुहम्मद अलीला जुन्या जेम्स जेफ्रीजकडून हरवले, तेव्हा अलीने दावा ठोकला. त्यातूनच पुढे अली आणि मार्सियानो यांची खोटी लढत चित्रित झाली. पंचेचाळिशीचा मार्सियानो वजन उतरवून, केसांचा टोप घालून रिंगणात उतरला. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात तो गेला आणि जानेवारी १९७० मध्ये अमेरिकी चित्रपटगृहांत त्याचा तेराव्या फेरीतला विजय दाखवला गेला. ब्रिटनमध्ये मात्र अली जिंकलेला दिसला. पाहुण्यांचे गाव बघून निकाल देणारा पंच आपल्याकडेही अधूनमधून भेटतो.

आपल्याकडची अडचण वेगळी. जुन्या कुस्त्यांचे चित्रण नाही, आहेत त्या आठवणी. त्यातल्या बैठकांचा आकडा आणि खुराकातले दूध-बदाम दर यात्रेला वाढत जातात. त्यामुळे कुस्ती स्वतः पाहिलेल्याचा शब्द वजनदार, आणि तिचे वर्णन नुसते ऐकलेल्याचा आवाज मोठा.

महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली. किताब सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने जिंकला, कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून. तिच्याआधी या किताबाची मानकरीच नव्हती, म्हणून तिची जोड मागे कोणाशी लावायची हा वाद कट्ट्यावर अजून नाही.