आर्म हलतो, पण घासत काहीच नाही

घरच्या घरी गाडी बांधणाऱ्याचा सगळा जीव इंजिनात अडकलेला असतो. जळगाव-धुळ्याकडची इंजिनिअरिंगची पोरं पीथमपूरच्या बाहा स्पर्धेसाठी, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या विद्यार्थी स्पर्धेसाठी, गाडी बांधतात, तेव्हाही चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, पाइपवर वाद रंगतात आणि सस्पेन्शनचे बुश शेवटी आठवतात. मग ठरलेलं उत्तर येतं: ‘एमआयडीसीतून नायलॉनचे लेथवर टर्न करून आणू.’ घोडं पेंड खातं ते इथेच.

चाकाला धरणारा आर्म चासीला जिथे जोडतात, तिथे बोल्टभोवती बुश बसतो. त्याने आर्मला वरखाली फिरू द्यायचं, पण मागेपुढे हलू द्यायचं नाही. साधा रबरी बुश हे फार हुशारीने करतो. बाहेर एक लोखंडी नळी, आर्मच्या टोकाच्या गोल कड्यात म्हणजे डोळ्यात बसवलेली; आत दुसरी, आणि मधलं रबर दोन्हींना घट्ट चिकटलेलं. आतली नळी बोल्टने चासीला आवळलेली असते. आर्म हलला की रबर पिळलं जातं. कुठलाही पृष्ठभाग दुसऱ्यावर घासत नाही. शिवाय दाबाखाली रबराचं आकारमान जवळजवळ बदलत नाही. दाबलं की ते बाजूने फुगू पाहतं. फुगायला जागाच ठेवली नाही तर भलतंच ताठ होतं. पिळायला मात्र मऊच राहतं. म्हणून दोन नळ्यांमधला तो पातळ थर एका दिशेने दणकट आणि दुसरीकडे नरम वागतो. वर रस्त्याचे बारीक हादरेही गिळतो.

यातून एक गोष्ट ओघानेच येते, आणि गॅरेजांतही ती सर्रास चुकते. गाडी जॅकवर असताना चाकं लोंबत असतात. तेव्हाच बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि बुश लवकर फाटतो. बोल्ट सैल ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, ड्रायव्हरच्या जागी कुणाला तरी बसवा आणि मग आवळा.

पॉलीयुरेथेनची रसायनविद्या ओटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत उभी केली. या पॉलीयुरेथेनचे, म्हणजे पीयूचे, रंगीत बुश दिसायला झकास. कडकपणाच्या शोअर ए मापावर रबर साधारण ५० ते ७०, तर पीयू ८० ते ९५. त्यामुळे स्टिअरिंग नेमकं लागतं. पण पीयू बहुधा नळीला चिकटवलेलं नसतं, नळीवर फिरतं; म्हणून ग्रीस लागतं. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ त्या ग्रीसमध्ये गेली की पॉलिश पेपर तयार. शिवाय मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (चाकाच्या पुढे चासीला जोडलेल्या आर्मच्या) सांध्यासारखा जो सांधा फिरता फिरता तिरकाही होतो, तिथे पीयू अडतं.

आता नायलॉन. ते स्वस्त आहे, लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, पण पाणी पितं. नायलॉन-६ पाण्यात ठेवलं, तर मुरेपर्यंत वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी शोषतं. मे महिन्यात भुसावळच्या ४५ अंशांच्या कोरड्या हवेत टर्नरने भोक अगदी नेमकं काढलं, समजा. श्रावणापर्यंत हवेतलीच ओल शोषून त्याची मापं अर्धा टक्का वाढली, तर ३० मिलिमीटरच्या बुशला ०.१५ मिलिमीटर जागा हवी. बाहेर पोलादी डोळा असल्याने तो आतच दाटतो आणि नळीला जखडतो. डेल्रिन म्हणजे अ‍ॅसिटल मुरल्यावरही पाणी एका टक्क्याच्या आतच घेतं. तेव्हा प्लास्टिकच हवं असेल तर ते घ्या. मात्र पुढच्या आर्मचे दोन्ही बुश एकाच रेषेत हवेत. घरच्या वेल्डिंगात ती रेष जराशी सरकली तरी रबर सांभाळून घेतं, डेल्रिन नाही. रॉड एंडचं, म्हणजे टोकाला गोल बेअरिंग असलेल्या सांध्याचं म्हणाल, तर त्या उघड्या बेअरिंगला इथली धूळ महाग पडते.

रबराचेही वैरी आहेत: तेल, ओझोन आणि उष्णता. ढोबळ हिशेबाने तापमान दर १० अंशांनी वाढलं की ते दुप्पट वेगाने म्हातारं होतं. तरीही शेतात आणि कच्च्या रस्त्यावर पळणाऱ्या गाडीसाठी माझं मत रबरालाच. मारुती ८०० च्या लोअर आर्मचा बुश चोपड्यापासून नवापूरपर्यंत स्पेअरच्या कुठल्याही दुकानात मागा. तो आधी विकत घ्या, व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजा आणि आर्मचा डोळा त्या मापाला करा. वेल्डिंगच्या वेळी बुश आत ठेवू नका. रबर जळतं आणि डोळाही आकसतो. डोळा पूर्ण थंड होऊ द्या, भोक पुन्हा मापात आणा आणि मगच बुश प्रेसने बसवा.