काळा कातळ ताणाने फुटतो

कोकणात जांभ्याचे चिरे खाणीत यंत्राच्या पात्याने कापून काढतात. काळ्या कातळाला, म्हणजे बेसाल्टला, मात्र सुरुंग लावावा लागतो. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा सुमारे ६.५ किलोमीटरचा करबुडे बोगदा अशाच पाषाणातून गेला आहे. सुरुंगाच्या धक्क्याने दगड चिरडला जातो, अशी आपली समजूत असते. ती सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाला लागून असलेल्या पातळ थरापुरतीच खरी आहे. बेसाल्ट प्रचंड दाब सोसतो, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच असते, आणि सुरुंगाचे खरे काम या उणिवेवर चालते.

तांदळाची भाकरी थापताना पीठ नीट मळलेले नसेल तर कडेला आरपार भेगा पडतात, कारण पीठ बाहेर सरकते तसा त्याचा परीघ वाढतो आणि कडा ताणली जाते. स्फोटाची दाबलहर कातळाला बाहेर ढकलते तेव्हा भोकाभोवतीच्या दगडाचेही असेच होते व भेगा आऱ्यांप्रमाणे चहूकडे निघतात. हीच लहर पुढे कातळाच्या मोकळ्या तोंडापर्यंत पोचली की तिथून ताणलहर होऊन परतते आणि पृष्ठभागाजवळचे पापुद्रे सुटू लागतात.

हे सारे काही मिलिसेकंदांत घडते. त्यामागोमाग तप्त वायू भेगांत शिरतो आणि पाचरीसारखा त्यांना रुंदावत पुढे नेतो. भेग जितकी लांब, तितक्या कमी ताणात ती वाढते, हे ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या अभ्यासातून दाखवले. म्हणूनच आघाडी घेतलेल्या मोजक्या भेगा दूरवर जातात आणि बाकीच्या खुंटतात. वायू निसटू नये म्हणून भोकाचे तोंड बारीक खडीने ठासून बंद करतात. लाव्हा थंड होताना पडलेल्या जुन्या सांध्यात भेग पोचली, तर मात्र ती बहुधा तिथेच थांबते, आणि सांधा उघडा असल्यास वायूही त्यातून निघून जातो. माझ्या मते कातळाची ही जुनी रचना वाचणे हे बारूद मोजण्याइतकेच महत्त्वाचे कौशल्य आहे.

रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या भिंतीवर कधी कधी समांतर, अर्धगोल पन्हळी दिसतात. त्या सुरुंगाच्या भोकांच्या उरलेल्या अर्ध्या बाजू होत. तिथे जवळजवळ पाडलेल्या भोकांत हलके बार एकाच वेळी उडवलेले असतात, त्यामुळे भेगा शेजारच्या भोकांना जोडत सरळ रेषेत धावतात आणि मागचा कातळ शाबूत राहतो.